शिबिराचा रविवार

२२ जुलै २०२४, सोमवार

लायल,

मी ट्रूडी. तुझी बहीण. हे असं सांगावं लागतंय, कारण अक्षरावरून ओळखशील असं वाटत नाही. पंधराव्या वर्षी मी मोत्यासारखं गोल गोल लिहायचे, आता डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं झालंय.

पत्ता व्हायोलाने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तीन वर्षं मी तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे बाई पाघळली. "पत्र टाक. फोन करू नकोस, आणि हॅलिफॅक्सला त्याच्या दारात तर मुळीच उभी राहू नकोस," असं बजावलंय. आपली मावसबहीण अजून तुझ्या बाजूने आहे, बरं वाटलं. तू पियानो दुरुस्त करतोस हेही तिनेच सांगितलं. वाजवतोस का, ते तिला माहीत नव्हतं.

सहजच लिहितेय. पपा एकोणऐंशीचे झाले. गावातल्याच वृद्धाश्रमात असतात. तिथल्या नर्सशी आपल्या जुन्या जर्मन बोलीत भांडतात, म्हणजे तिला काही कळत नाही आणि यांना जिंकल्यासारखं वाटतं. शेत भाड्याने दिलंय. यंदा सगळीकडे कॅनोला आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसतं पिवळं दिसतं. मी डॅरल पेनरशी लग्न केलं. हो, तोच, ज्याला तू मुका पेनर म्हणायचास. अजूनही मुकाच आहे, पण माझ्या तोंडाला तसाच नवरा हवा होता. एक मुलगी आहे, मारेन. चौदा वर्षांची.

मारेन येत्या रविवारी शिबिराला चाललीय. तेच तळं, तीच टेकडी, तोच पाणीदार कोको. संडास तेवढे नवे झालेत.

बाकी सगळं ठीक.

ट्रूडी

ता. क. लिफाफा चिकटवला होता, तो पुन्हा फाडला. सहज लिहितेय हे खोटं आहे. शिबिराचा रविवार यंदा पंचवीस ऑगस्टला आहे. आपल्या चर्चच्या मंडळीत अजून तसंच चालतं. शिबिराहून आलेली पोरं उपासनेत पुढे येतात, देवाने तिथे आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष देतात, आणि मग एकेक जण एकेक नाव घेतं, ज्याच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करायची. मारेन जायच्या आधीच म्हणतेय, "आई, यंदा मी उभी राहणार." तिला थांबवू का, लायल? हे विचारायला मला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही.

४ ऑगस्ट, रविवार

लायल,

काल आली ती. उन्हाने नाक सोललंय, आवाज बसलाय, अंगाला धुराचा वास. दारातच मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, मी या वर्षी तुझ्याशी फार उद्धट वागले. मला माफ कर." मी विरघळले. जेवणानंतर न सांगता भांडी घासली. डॅरलने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, त्याच्या मानाने हे भाषणच झालं. आज सकाळी सहाला उठून मागच्या पायरीवर घोंगडी पांघरून पवित्र शास्त्र वाचत बसली होती, एका हाताने डास मारत.

हे सगळं खरं आहे, लायल. मी लिहून ठेवते, कारण पुढे मीच विसरीन. शिबिरातून आलेलं पोर खोटं नसतं. आपण मोठी माणसं म्हणतो, पंधरा दिवसांत उतरेल. उतरतंही. पण तोवर ते खरं असतं. मीही खरीच होते.

मग तिचे कपडे मशीनमध्ये टाकले आणि आत खडखड सुरू झाली. जीन्सच्या खिशात दगड. ती रीत तुला आठवत असेल. शेवटच्या सकाळी प्रत्येकाने तळ्यातून एक गुळगुळीत दगड उचलायचा, प्रभूपासून दुरावलेल्या कुणा एकाचं नाव त्यावर लिहायचं, आणि ते माणूस परत येईपर्यंत दगड जवळ बाळगायचा. शाई धुण्यात पुसट झाली होती, पण वाचता आली.

लायल.

मी मशीनला टेकून खाली बसले. तिने तुला कधी पाहिलेलं नाही. पपांच्या खोलीत तुझा एक फोटो आहे, सोळाव्या वर्षीचा, तेवढाच. लायलमामा का गेला असं ती विचारायची, तेव्हा मी दर वेळी एकच सांगत आले, की पपांचं आणि त्याचं पटलं नाही. तेही खोटं नाही. तुमचं पटलं नव्हतंच. शेवटचे चार दिवस.

"मी मंडळीपुढे त्याचं नाव घेणार," मारेन म्हणाली. "आमच्या गटाची ताई म्हणते, टेकडीवर विश्वास ठेवणं सोपं असतं, खाली घरी नेऊन दाखवा. आई, इतक्या वर्षांत कुणीच कसं त्याच्यासाठी प्रार्थना मागितली नाही?"

मागितली होती एकदा, हे अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "आधी ते ओले कपडे दोरीवर घालून ये."

सांग, काय करू? पंचवीस तारखेला तीन आठवडे आहेत. तिला थांबवायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं तर ती जे घेऊन आलीय ते किती टिकेल मला माहीत नाही.

ट्रूडी

९ ऑगस्ट, शुक्रवार

लायल,

तुझं उत्तर नाही. नसणारच. तरी लिहिते.

चर्चमधला पियानो अजून आहे. गिटारवाली पोरं आली तेव्हा कोपऱ्यात सरकवला, वर प्लास्टिकची फुलं ठेवली. अकरा महिने मला तो दिसतही नाही. पण ऑगस्ट लागला की तिथे मला तुझी पाठ दिसते. भूत नाही म्हणत मी, तू जिवंत आहेस, मला ठाऊक आहे. पण पाठ दिसते. निळा शर्ट, नुकतेच कापलेले केस, मान. सगळे गीत म्हणत असतात आणि मला पुस्तकातून डोळे वर काढायची भीती वाटते. असे सत्तावीस ऑगस्ट गेले. डॅरललाही सांगितलेलं नाही. तो "हं" म्हणाला असता, आणि तेवढंसुद्धा मला सोसवलं नसतं.

आता तो दिवस लिहिते. तुला माहीत आहे, पण मी कधी बोलले नाही.

ममा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तू ट्रकमधून मला शिबिराला सोडायला निघालास. खडीच्या रस्त्यावर धूळ, म्हणून काचा वर. तू म्हणालास, "ट्रूडी, रविवारी मी वाजवतो ना, ते कुणासाठी वाजवतो ते मला कळेनासं झालंय. ममाला पुरलं तेव्हापासून. प्रार्थना करायला बसतो तर समोर कुणी नसतं." मग म्हणालास, "पपांना सांगू नकोस. ते मोडून पडतील. मला थोडा वेळ दे, माझं मी बघतो." मी तुझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "नाही सांगणार."

शिबिराहून आले ती पेटूनच आले. त्या रविवारी पुढे गेले आणि म्हणाले, शब्द न् शब्द पाठ आहे, "माझ्या भावासाठी प्रार्थना करा. लायलचा देवावर विश्वास उरलेला नाही. तो दर रविवारी आपल्यासाठी वाजवतो, पण त्याच्या आत अंधार आहे." दोनशे माणसं होती. पियानो माझ्या डाव्या हाताला. तू वळलाच नाहीस, मला तुझी मान तेवढी दिसत होती. ती कॉलरपासून वर लाल होत गेली. बायकांत कुणीतरी हुंदका दिला, एल्वीरा वीब असणार, तिला कशानेही रडू येतं. पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली, तुझं नाव सहा वेळा आलं. मग शेवटचं गीत होतं, ते तू वाजवलंस. चारही कडवी. एक सूर चुकला नाही.

दुपारी फास्पाला आपण तिघे बसलो, पाव, जॅम आणि कॉफी घेऊन, दर रविवारसारखे. पपा म्हणाले, "पुढच्या रविवारी तू उभा राहून मंडळीला उत्तर देशील. मी चर्चचा पंच आहे. माझ्याच घरातली गोष्ट अशी लोंबकळत राहणार नाही." तू म्हणालास, "काय उत्तर देऊ, पपा? माझ्याजवळ उत्तर असतं तर हे झालंच नसतं." बुधवारी तू बसने गेलास. जाताना मला म्हणालास, "तू वचन दिलं होतंस." मी म्हटलं, "मी प्रेमापोटी केलं."

हे "प्रेमापोटी" मी सत्तावीस वर्षं छातीशी धरून बसलेय. लोकांनाही ते पटलं. पोरगी लहान, उचलली जीभ लावली टाळ्याला, पण हेतू चांगला होता. आता त्याच्या खाली काय आहे तेही लिहिते, म्हणजे सुटले.

गुरुवारी संध्याकाळी शिबिरात आम्ही बारा मुली गोल करून बसलो होतो. प्रत्येकीने आपलं ओझं सांगायचं. एकीचा बाप प्यायचा. एकीची आई घर सोडून गेली होती. जी सांगेल तिच्याभोवती बाकीच्या जाऊन खांद्यावर हात ठेवत, रडत. माझी पाळी आली. ममाचं सगळ्यांना माहीत होतं, त्यावर आदल्या वर्षी रडून झालं होतं. माझ्याजवळ नवीन काही नव्हतं. म्हणून मी तुझी गोष्ट काढली. अकराच्या अकरा जणी माझ्याकडे आल्या. ताई म्हणाली, "ट्रूडी, केवढं ओझं वाहतेस गं तू." मला इतकं बरं वाटलं, लायल. पोटभर जेवल्यासारखं. रविवारी मला तेच पुन्हा हवं होतं.

झालं लिहून.

ट्रूडी

१९ ऑगस्ट, सोमवार

लायल,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. पुढे बोटीचं चित्र, मागे तीन शब्द. तिला खरं सांग. खाली सहीसुद्धा नाही. रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी मी ते इतक्यांदा वाचत उभी राहिले, की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला मला वळसा घालावा लागला. अक्षर तुझंच आहे, उजवीकडे कललेलं.

काल सांगितलं. दुपारी डॅरल आडवा झाला होता, आम्ही दोघी लोणच्यासाठी काकड्या घासत होतो. ट्रक, वचन, रविवार, सगळं. बारा मुलींपाशी आले तेव्हा जीभ अडखळली. म्हटलं, हे गाळावं. मग कार्ड आठवलं, नाही गाळलं.

मारेनचे हात पाण्यातच थांबले. "म्हणजे तो देवाला सोडून गेला नाही," ती म्हणाली. "तो तुला सोडून गेला."

"दोन्ही, बहुतेक."

"आणि आजोबा म्हणतात, त्यांच्या हट्टामुळे गेला."

"मी त्यांना तसं वाटू दिलं."

हे तुलाही लिहिलं नव्हतं. पपा दर नाताळला म्हणतात, मी त्याच्यावर जबरदस्ती करायला नको होती. आणि मी म्हणते, जाऊ द्या पपा, झालं गेलं. वचनाचं त्यांना आजवर माहीत नाही. त्यांना वाटतं, तू मला काही बोललाच नव्हतास, मी आपलं तुझ्या चेहऱ्यावरून ताडलं. झाकली मूठ मी इतकी वर्षं झाकूनच ठेवली.

मारेनने पुढची काकडी घासायला घेतली. म्हणाली, "रविवारच्या शाळेत तू आम्हाला शिकवतेस, खोटं बोलू नका म्हणून."

"हो."

"आणि रोज जेवणाआधी प्रार्थना करतेस, ती कुणाला?"

तुला कधीतरी हाच प्रश्न पडला होता, नाही का? मी डोळे मिटते तेव्हा तुझी मान बघते, दुसरं काही नाही. कैक वर्षं झाली. तू निदान तसं म्हणालास तरी. मी रविवारची शाळा चालवते. पोरीला म्हटलं, "मला माहीत नाही, मारेन. मी बोलत नाही त्याच्याशी. बोलता येत नाही."

तिने हात पुसले. "मी लायलमामाचं नाव घेणार नाही," म्हणाली आणि वर गेली. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा तुझं नाव तिथे पुन्हा निघणार नाही. वचन देते. हसू नकोस.

ट्रूडी

२९ ऑगस्ट, गुरुवार

लायल,

तुझं नाव तिने घेतलं नाही.

नऊ पोरं पुढे आली, मारेन सातवी. पपांना मी वृद्धाश्रमातून आणलं होतं, त्यांची चाकाची खुर्ची आमच्या बाकाच्या टोकाला लावली होती. मारेनने शिबिराचं थोडंसं सांगितलं, मग सरळ माझ्याकडे बघितलं. "माझी विनंती माझ्या आईसाठी आहे," म्हणाली. "ती देवाशी बोलत नाही. खूप वर्षं झाली. तिने लहानपणी एक चूक केली होती, ती तिने अजून आजोबांना सांगितलेली नाही. तिला ती सांगायची शक्ती मिळावी."

दोनशे कुठले, आता आम्ही ऐंशीच उरलोय. पण ऐंशी माणसं बाकावर वळतात तेव्हा आवाज होतो, कपड्यांचा. मला तो माहीत नव्हता, कारण त्या दिवशी मी पुढे उभी होते. एल्वीरा वीब रडली. शहाऐंशीची आहे, अजून रडते. पाळकांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. माझे कान इतके तापले होते की मला धड ऐकू येत नव्हतं. वाटलं, उठावं, गाडी काढावी आणि हायवे जिथे नेईल तिथे जावं. तुला निदान गीत वाजवायचं होतं, हाताला काम होतं. मी बसून राहिले ती पपांच्या खुर्चीने वाट अडवली होती म्हणून. धैर्यबिर्य काही नाही. पियानोकडे बघायचं राहूनच गेलं.

पपांना ऐकू कमी येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. "काय सांगायचंय हिला मला?" त्यांनी विचारलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

घरी आल्यावर फास्पाच्या टेबलाशी सांगितलं. तू मला विश्वासाने सांगितलं होतंस, पपा मोडून पडतील म्हणून थोडा वेळ मागितला होतास, मी वचन दिलं आणि मोडलं. पपा कॉफीत पाव बुडवत राहिले. पाव विरघळून कपात पडला तरी बुडवत राहिले. मग बोलीत म्हणाले, "म्हणजे पोरगा मला सांभाळत होता." आणि रडले, आवाज न करता. ममाच्या वेळीही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. हे तुला कळवणं माझ्यावर आहे म्हणून लिहिलं. तू त्याचं काही करावंस असं म्हणत नाही.

मारेन माझ्यामागे ओट्यापाशी आली. "आई, मी प्रेमापोटी केलं."

हे वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. नीट आठवून बघितलं, नव्हतं सांगितलं. तिचं तिलाच सुचलं. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, खरंच प्रेम आहे का ते शोधत. होतं. डोळे सुजलेले होते. आणि त्याच्या शेजारी दुसरंही होतं, ते मी कुठेही ओळखीन, ऐंशी माणसं आपल्यासाठी गप्प झाली की अंगात चढतं ते. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. मग मला वाटलं, माझ्याही चेहऱ्यावर दोन्ही असेल. सत्तावीस वर्षं मी लोकांना एक सांगत आले, नऊ तारखेच्या पत्रात तुला दुसरं लिहिलं, आणि खरी दोन्ही होती. त्याने तुझं दुखणं कमी होत नाही, ते मला कळतं.

मी तिला काही बोलले नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, काल नाही. ताट वाढलं, कपडे घड्या करून तिच्या पलंगावर ठेवले, आणि तोंड मिटून घेतलं. माझं तोंड कधी मिटलेलं असतं का? डॅरल इतका घाबरला की तोच बोलायला लागला, पावसापाण्याचं, गव्हाच्या भावाचं. मारेन तीनदा म्हणाली, "आई, बोल ना गं." मी शेगडी पुसत राहिले. मला तिला दुखवायचं होतं. गप्प राहून माणसाला किती दुखवता येतं ते मी तुझ्याकडूनच शिकले. मंगळवारपासून ती सकाळी वाचायला उठत नाही. मला ते दिसलं आणि बरं वाटलं, देवा मला क्षमा कर. हे आपोआप लिहिलं गेलं. खोडत नाही.

तू गेल्यापासून मी मनात एक धरून होते. पंधरा वर्षांच्या पोरीची तीन वाक्यं, त्यासाठी इतकी वर्षं? फार झालं. कधी लिहिलं नाही, पण या प्रत्येक पत्राच्या तळाशी ते होतं, तुला दिसलंच असेल. ते आता परत घेते. माझे तीन दिवस कसे गेले मला कळलंही नाही. राग जरासुद्धा ओसरला नव्हता, आणखी तीस वर्षं आरामात पुरला असता. सत्तावीस काही फार नाहीत, लायल.

पण ती चौदा वर्षांची आहे आणि मी तिची आई आहे. मला तेवढा वेळ नाही.

ती आत्ता खाली आलीय. फ्रिज उघडून उभी आहे, काही घेत नाहीये. मी इथे थांबते आणि तिच्याशी बोलते. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

ट्रूडी